बंदी हवी, पण मोजदादही हवी : आपल्या नद्यांतल्या माशांविषयी थोडेसे



मृगाचा पाऊस लागला की निपाणी-चिकोडी भागात दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, वेदगंगेला नवे पाणी आले का? आणि दुसरा, चढणीचे मासे लागले का? नदीकाठच्या ओढ्यांत, भाताच्या खाचरांत, बंधाऱ्यांच्या तोंडाशी रात्री बॅटऱ्या चमकू लागतात. बेळगावकडची हौशी मंडळी रविवारी गळ-दोरा आणि गांडुळांचा डबा घेऊन मार्कंडेय नाहीतर घटप्रभेकडे निघतात. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणीच्या आठवणी या पाण्याशी बांधलेल्या आहेत. आजोबांनी काठीला दोरा कसा बांधायला शिकवला, हे सांगताना आजही लोकांचे डोळे चमकतात.

याच गप्पांत गेल्या काही वर्षांपासून एक वाद डोके वर काढतो. काहींचे म्हणणे असे, की पावसाळ्यात नदीवर जाणेच बंद केले पाहिजे, मासे संपत चालले आहेत. दुसरे म्हणतात, आमच्या चार गळांनी काय नदी रिकामी होते? दोन्ही बाजू तळमळीने बोलतात, पण नदीत मासे किती, कोणते, वाढले की घटले, याचा आकडा कुणाकडेच नसतो. मासेमारी बंदीचा खरा अर्थ काय आणि मोजदादीशिवाय ती अपुरी का पडते, हे समजावून घ्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पावसाळ्यातच बंदी का?

आपल्याकडील बहुतेक गोड्या पाण्यातले मासे पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात. नदीला गढूळ, थंड, नवे पाणी आले की रोहू, कटला, मृगळ यांच्यासारखे मासे उथळ, पुराने भरलेल्या जागांकडे सरकतात. चढणीचे मासे म्हणजे हेच प्रवासाला निघालेले मासे. त्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते. रोहूची एक चांगली वाढलेली मादी एका हंगामात काही लाख अंडी देते. त्यातली फार थोडी पिल्ले जगतात, म्हणून निसर्गाने आकडा मोठा ठेवला आहे. अंडी घालण्याआधीच ती मादी आपल्या बुट्टीत आली तर एक मासा मिळतो आणि पुढची पिढी जाते.

मरळ माशाची रीत वेगळी आहे. अंडी घातल्यावर नर-मादी पिल्लांच्या लालसर थव्याची राखण करतात. थव्याजवळ काही हलले की ते त्यावर झेप घेतात, म्हणून त्या दिवसांत मरळ गळाला पटकन लागते. आईबाप उचलले गेले की पिल्ले उघडी पडतात आणि दुसरे मासे त्यांचा फडशा पाडतात.

जून ते ऑगस्ट हे दिवस माशांसाठी असे नाजूक असतात. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. श्रावणात मासे न खाण्याची चाल आपण धर्माच्या नावाने पाळतो, पण तिचा फायदा नदीलाही होत आला आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे धरत नाहीत, त्यामुळे तिथे आजही मोठमोठे मासे निर्धास्त फिरताना दिसतात.

कायदा काय सांगतो?

पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा आपल्या देशात 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. समुद्रावरची बंदी बहुतेकांना माहीत असते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नद्या आणि तलावांसाठी मात्र प्रत्येक राज्याचा आपला कायदा आहे. महाराष्ट्रात 1960 चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे, तर कर्नाटकात अंतर्गत मत्स्यव्यवसायाचा 1996 चा कायदा. कोणते जाळे वापरावे, परवाना कुणाला द्यावा, कोणत्या काळात आणि कुठे मासेमारी बंद ठेवावी, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला त्यातून मिळतो.

आपल्या भागाची अडचण अशी, की नदी एक आणि राज्ये दोन. वेदगंगा भुदरगड तालुक्यात पाटगावच्या बाजूने उगवते, गारगोटी-मुरगूड करत निपाणीजवळ कर्नाटकात येते आणि दूधगंगेला मिळते. दूधगंगा काळम्मावाडीच्या धरणातून निघून कल्लोळजवळ कृष्णेत जाते. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरला येते. पावसाळ्यात वर चढणारा मासा या हद्दी पाहत नाही. खालच्या अंगाला नियम पाळला आणि वरच्या अंगाला पाळला नाही, तर कुणाच्या बंदीचा किती उपयोग झाला, हे सांगता येत नाही. ते कळायचे तर दोन्हीकडची नोंद एकत्र ठेवायला हवी.

दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी मोजले होते

आपल्या नद्यांतल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कुणी केली, हे फार थोड्यांना माहीत असेल. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनभर फिरून शेती, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करत असे. त्याने भीमा आणि मुळा-मुठा यांसारख्या नद्यांतले मासेही पाहिले आणि 1839 मध्ये त्यांचे वर्णन लंडनला प्रसिद्ध केले. या नद्या कृष्णेच्याच खोऱ्यातल्या, म्हणजे आपल्या वेदगंगा-दूधगंगेच्या नात्यातल्या.

विशेष म्हणजे शास्त्रीय नावे देताना साइक्सने लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. दख्खनचा महसीर आजही जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. कोलस, कुतरणी, शिंगटी ही नावेही शास्त्राच्या पुस्तकांत तशीच राहिली. नाकाडावर खोबण असलेला ‘नुकटा’ हा तर कृष्णा खोऱ्याचाच मासा, इतरत्र न सापडणारा. 2011 साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातील जीवांचा जो मोठा आढावा झाला, त्यात नुकट्याची गणना संकटग्रस्त माशांत झाली.

म्हणजे नदीकाठच्या माणसाने सांगितलेले नाव शास्त्रात दोनशे वर्षे टिकले, पण ते नाव धारण करणारा मासा आपल्या बंधाऱ्याखाली अजून आहे का, हे विचारले तर आपण गप्प बसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ‘पूर्वी मिळायचा’ असे उत्तर येईल. पण पूर्वी म्हणजे कधी, आणि शेवटचा कधी मिळाला, हे कुणी लिहून ठेवलेले नसते.

मोजले म्हणून वाचले: आंबोलीची गोष्ट

नोंद असली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच हिरण्यकेशीच्या उगमाशी आहे. आंबोलीच्या महादेव मंदिराजवळच्या कुंडात 2020 साली संशोधकांना एक छोटा, रंगीत मासा सापडला. तो शास्त्राला नवा होता. त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नदीचेच नाव दिले गेले. इतक्या छोट्या जागेत राहणारा मासा मासेमारीनेही संपू शकतो, हे लक्षात आल्यावर महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये ती 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

जागा थोडी, कारण स्पष्ट आणि कशासाठी राखायचे तेही ठरलेले. अशी बंदी लोकांनाही पटते. त्याच नदीचे पाणी पुढे संकेश्वरला येते, पण इथे काय राखायचे, याची अशी नेमकी ओळख आपण अजून करून घेतलेली नाही.

बंदी आली आणि वही मिटली: कावेरीची गोष्ट

आता आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. कावेरी नदीवर भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालिबोरे येथे हौशी मासेमारांचे तळ होते. तिथला महसीर जगप्रसिद्ध. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा महसीर गळाला लावला होता. पुढे या तळांवर मासा धरून, वजन करून परत पाण्यात सोडण्याची पद्धत रुजली. नंतर अभयारण्यातल्या मासेमारीला वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, अशी भूमिका घेतली गेली आणि 2010 नंतरच्या एक-दोन वर्षांत ही हौशी मासेमारी थांबली.

थांबण्याआधी गालिबोरेच्या तळावर एक साधी सवय होती. कोण किती तास बसला, किती मासे मिळाले, वजन किती, हे तिथे लिहून ठेवत. 1998 ते 2012 या काळातल्या या नोंदी नंतर संशोधकांनी तपासल्या. त्यांत सहा हजारांहून अधिक महसीर होते. त्यातून दोन गोष्टी समोर आल्या. निळसर पंखांचा महसीर झपाट्याने वाढत होता. आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळजवळ नाहीसा होत चालला होता.

यातला निळसर पंखांचा मासा म्हणजे आपला खुद्री. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास 1970 च्या दशकात यशस्वी झाली आणि तिथली पिल्ले देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात गेला आणि मूळच्या माशावर संकट आले. या मूळ माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे 2018 मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

लांबून पाहणाऱ्याला कावेरीत महसीर भरपूर आहेत असेच वाटले असते. कोणता वाढतोय आणि कोणता संपतोय, हे त्या हौशी लोकांच्या वहीने दाखवले. मासेमारी बंद झाल्यावर ती वहीही मिटली. बंदी योग्य होती की अयोग्य, या वादात आम्हाला पडायचे नाही. पण बंदी घालताना मोजणीची दुसरी व्यवस्था केली नाही, तर आपण डोळे मिटून राखण करतो, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

माहिती नसली तर उलटेही होते

परदेशी असलेल्या आपल्या कुटुंबांना मेक्सिकोच्या आखातातल्या ‘रेड स्नॅपर’ माशाचा वाद आठवत असेल. 2017 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने हौशी मासेमारांना खोल समुद्रात हा मासा धरायला फक्त 3 दिवस दिले होते. ओरड झाल्यावर ते 42 दिवस झाले. वादाचे मूळ एकच होते, हौशी लोक किती मासे धरतात आणि समुद्रात किती आहेत, यावर कुणाचे एकमत नव्हते. पुढे खास मोठी मोजणी झाली. 2021 मध्ये जाहीर झालेला तिचा आकडा आधीच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट निघाला. त्या आकड्यावरही चर्चा झाली, पण निदान ती आकड्यांवरची चर्चा होती.

माहिती नसेल तर सरकार घाबरून सगळेच बंद करू शकते, नाहीतर काहीच बंद करत नाही. दोन्ही वेळा नुकसान नदीचे आणि नदीवर जगणाऱ्यांचे होते.

मग सरकारी आकडे नाहीत का?

आहेत. देशाचे 2022-23 चे एकूण मत्स्योत्पादन 175 लाख टनांच्या आसपास होते आणि त्यातले सुमारे 131 लाख टन गोड्या व निमखाऱ्या पाण्यातले, म्हणजे अंतर्गत जलाशयांतले. पण यातला मोठा वाटा तळ्यांत सोडून वाढवलेल्या माशांचा असतो. समुद्रावर कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर माणसे ठेवून जातवार पकड मोजते. वेदगंगेच्या काठी पाच-दहा जण संध्याकाळी काय घेऊन जातात, ते अशा मोजणीत कुठे येणार? उत्पादनाचा आकडा वाढत असताना नदीतला नुकटा संपू शकतो, कारण दोघांचे हिशेब वेगळे आहेत.

मोजायचे कसे? दोन सोप्या गोष्टी

पहिली गोष्ट, नुसते मासे मोजून चालत नाही, तासही मोजावे लागतात. समजा, पहिल्या वर्षी दोघे जण चार-चार तास बसले आणि 8 मासे मिळाले. आठ तासांत आठ, म्हणजे तासाला एक. तिसऱ्या वर्षी पाच जण सहा-सहा तास बसले आणि 15 मासे मिळाले. घरी नेलेले मासे जवळपास दुप्पट झाले, म्हणून सगळे खूश. पण तीस तासांत पंधरा, म्हणजे तासाला अर्धाच मासा. पकड वाढली, पण दर तासाचा मासा निम्म्यावर आला. म्हणूनच रिकाम्या हाताने परतलेला दिवसही लिहिला पाहिजे. किंबहुना तोच जास्त महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट, जागा लिहावी लागते. आपल्या भागात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावलोपावली आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे काढतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा घालतात. बरगे घातले की वर निघालेले मासे बंधाऱ्याच्या खालच्या डोहात अडकून साठतात. तिथे गळ टाकला की पटापट मासे लागतात आणि नदीत मासे मायंदाळ आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात मैलभर नदीतले मासे एका डोहात गोळा झालेले असतात. डोहातली पकड आणि वाहत्या पाण्यातली पकड वेगळी लिहिली तरच खरे चित्र कळते.

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळात हौसेने गळ टाकणारी बरीच मंडळी आहेत. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी येत्या मृगापासून एक वही ठेवावी, अशी आमची विनंती आहे. तीत प्रत्येक फेरीला एवढेच लिहायचे:

* तारीख, गाव आणि जागा (डोह, बंधारा, ओढा की वाहती नदी)
* किती माणसे, किती तास, कोणत्या साधनाने
* कोणते मासे, किती आणि अंदाजे केवढे. मासा न मिळाल्यास ‘शून्य’
* मादीच्या पोटात गाभोळी होती का, आणि मासा परत सोडला का
* पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे दिसल्यास त्यांची संख्या

शेवटचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. जुलै 2022 मध्ये सांगली भागात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा वेळी ‘आधी काय होते’ हे सांगणारी नोंद हाताशी असली तर झालेले नुकसान दाखवता येते.

माशाचे नाव तुमच्या घरात जे म्हणतात तेच लिहा, सोबत मोबाईलवर एक फोटो काढा. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून त्यांचे नावही विचारून लिहा. एकाच माशाची दोन भाषांतली नावे जुळली, तर दोन राज्यांच्या नोंदी जुळवणे सोपे जाईल. शाळकरी मुलांना आजी-आजोबांकडून जुन्या माशांची नावे आणि ते शेवटचे कधी पाहिले, हे लिहून आणायला सांगावे. सुट्टीतला याहून चांगला अभ्यास आम्हाला तरी सुचत नाही.

दुसरी विनंती बंदीविषयी. यंदाचा बंदीचा आदेश काय आहे, हे तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या आणि तो पाळा. आदेश असो वा नसो, आपण हौशी लोकांनी जून-जुलैत चढणीच्या माशांना हात लावू नये. या दोन महिन्यांत वहीत फक्त काठावरून दिसलेले लिहावे. भोई आणि अंबिग समाजातल्या ज्या घरांची चूल नदीवर पेटते, त्यांच्यासाठी बंदी म्हणजे उपास असतो. आपल्यासाठी ती फक्त रविवारची सुट्टी असते. मागे सरायचेच तर आधी आपण सरावे. आणि नदीविषयी त्यांना जे कळते ते आपल्याला कळत नाही, म्हणून वही भरताना त्यांना आधी विचारावे.

एका वर्षाच्या वहीतून फारसे काही सिद्ध होणार नाही. पाऊस कमी-जास्त होतो, पूर येतो, माणसे बदलतात. पण तीन-चार वर्षांच्या वह्या एकत्र झाल्या की बोलता येईल. त्या वेळी मंडळातर्फे त्यांच्या प्रती दोन्ही राज्यांच्या मत्स्य खात्यांना आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना द्याव्यात, असे आम्हाला वाटते. मग कुणी ‘मासे संपले’ किंवा ‘मासे भरपूर आहेत’ असे म्हणाले, तर आपण वही पुढे करू शकू.

साइक्सने विचारले तेव्हा नदीकाठच्या कुणीतरी ‘हा नुकटा’ म्हणून सांगितले होते. त्या माणसाचे नाव कुठेही नाही, पण त्याने सांगितलेले नाव राहिले. यंदा नुकटा कुणाला दिसला तर तारीख आणि जागा नक्की लिहा, आणि आम्हाला कळवा. मासा मात्र पाण्यातच राहू द्या.